ज्या दिंडीचे टाळ थांबत नाहीत



आषाढी तोंडावर आली की आपल्या नाणे मावळात बायांची दुहेरी धांदल होते. एकीकडे भाताची लावणी, दुसरीकडे वारीचं गाठोडं. ज्यांना जमतं त्या देहूला नाहीतर आळंदीला जाऊन पालखीला लागतात. आपली कुंडली इंद्रायणीला मिळते आणि इंद्रायणी त्याच दोन गावांवरून पुढे जाते, म्हणजे पाण्याची वाटही तीच.

आज आम्ही बोलणार आहोत ते वारीतल्या भक्तीबद्दल नाही, शिस्तीबद्दल. लाखो माणसं दोन-अडीच आठवडे रस्त्यावर असतात. तिकीट नाही, नावनोंदणीचं कार्ड नाही, पगारी माणसं नाहीत. तरी कुणी कुठे चालायचं, कधी उठायचं, भांडण झालं तर कुणाकडे जायचं, हे सगळं ठरलेलं आहे. ही घडी कुणी बसवली?

सुरुवात देहूपासून करू. तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी 1685 मध्ये पालखीची प्रथा सुरू केली. देहूहून तुकोबांच्या पादुका घेऊन ते आळंदीला येत, तिथे ज्ञानोबांच्या पादुका घेत आणि एकाच पालखीतून दोघांना पंढरपूरला नेत. ‘ज्ञानोबा-तुकाराम’ हा जयघोष आपण आजही जोडीने करतो. हे असं जवळजवळ दीडशे वर्षं चाललं. पुढे देहूकरांच्या घराण्यात हक्कावरून वाद झाले आणि दोन पालख्या वेगळ्या झाल्या. देवाच्या कामातही मानपानाची भांडणं होतात, ही काही आजची गोष्ट नाही.

ज्ञानोबांची स्वतंत्र पालखी 1832 च्या सुमारास सुरू केली ती हैबतबाबांनी. हे सातारा जिल्ह्यातल्या आरफळ गावचे. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी सरदार होते. नोकरी सोडून आळंदीला आले आणि माउलींच्या सेवेत राहिले. आळंदीला देवळात शिरताना जी पहिली पायरी लागते, ती त्यांची समाधी. आपल्यातल्या कितीतरी जणी त्या पायरीला हात लावून पुढे गेल्या असतील आणि ती कुणाची हे ठाऊक नसेल.

हैबतबाबांनी लष्करातली शिस्त वारीत आणली. बेळगाव भागातल्या अंकलीच्या शितोळे सरदारांनी घोडे आणि तंबू दिले, वासकर महाराजांसारख्या फडकऱ्यांनी भजनाची बाजू सांभाळली. दिंड्यांना नंबर लागले. रथापुढे 27 दिंड्या आणि बाकीच्या रथामागे. ज्याचा जो नंबर त्याने तिथेच चालायचं. पहाटे कर्णा वाजतो. पहिल्या कर्ण्याला आवरायचं, दुसऱ्याला तयार राहायचं, तिसऱ्याला निघायचं. नंबराने जागा ठरल्यावर ‘आम्ही पुढे की तुम्ही पुढे’ हा तंटाच मिटतो. आमच्या मते सगळ्या सोहळ्यातली ही सगळ्यात शहाणपणाची गोष्ट आहे. आपल्या गावजेवणात पंगतीवरून होणारी रुसारुशी आठवा, म्हणजे कळेल.

पण आम्हाला खरी सांगायची आहे ती संध्याकाळची गोष्ट.

मुक्कामाच्या गावी पालखी तळावर येते. सगळ्या दिंड्या गोल करून उभ्या राहतात. हजारो टाळ एकदम वाजत असतात, शेजारच्याचं बोललेलं ऐकू येत नाही. मग चोपदार हातातला चोप वर करतो आणि हाळी देतो. त्या क्षणी सगळे टाळ बंद. एवढ्या मोठ्या तळावर चिडीचूप. याला समाज आरती म्हणतात. आता या शांततेत एखाद्या दिंडीचे टाळ वाजतच राहिले, तर त्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो: त्या दिंडीची तक्रार आहे. चोपदार त्या दिंडीकडे जातात, काय झालं ते विचारतात. ऐकून घेतलं, मार्ग निघाला, की ते टाळ थांबतात. त्यानंतर हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारतात, उद्या किती वाजता निघायचं ते सांगतात आणि मग आरती. तक्रार वाजत असेपर्यंत आरती होत नाही, सख्यांनो. देवालाही थांबावं लागतं.

आम्ही गटाच्या बैठकीत हे बोललो तेव्हा एक आजी पटकन म्हणाल्या, “आपल्याकडं उलटं हाय. तक्रार केली की म्हणत्यात, आधी आरती होऊ दे.”

त्या का म्हणाल्या ते सांगतो. शेजारच्या एका गावच्या यात्रेत आमच्या ओळखीच्या एका पोरीला गर्दीचा फायदा घेऊन कुणीतरी हात लावला. पोरगी ओरडली. स्वयंसेवकाचा बिल्ला लावलेल्या माणसाने तिलाच सांगितलं, “यात्रेत असं चालायचंच, बाजूला हो.” मंडपात कुणाकडे जायचं हे तिला माहीत नव्हतं, तिच्या आईलाही नव्हतं. त्या मायलेकी प्रसाद न घेता घरी आल्या. पोरगी आता यात्रेला जात नाही. नियम मोडला एकाने आणि यात्रा सुटली दुसरीची.

वारीतली शिस्त सगळ्या बाबतीत चांगली होती असंही आम्ही म्हणणार नाही. इरावती कर्वे यांनी वारीत चालून ‘वाटचाल’ नावाचा लेख लिहिला. एकत्र भजन म्हणणारी माणसं जेवायला मात्र जातीप्रमाणे वेगळी बसतात, हे त्यांना खुपलं आणि ते त्यांनी लपवलं नाही. पंढरपूरच्या देवळात दलितांना प्रवेश मिळावा म्हणून साने गुरुजींना 1947 च्या मे महिन्यात उपोषणाला बसावं लागलं. म्हणजे शेकडो वर्षं काही लोकांचे टाळ वाजतच होते आणि कुणी चोपदार तिकडे गेला नाही. जुनं आहे म्हणून सगळं डोक्यावर घ्यायचं नसतं, त्यातलं निवडून घ्यायचं असतं.

आता जिवाच्या सुरक्षिततेचं. 25 जानेवारी 2005 चा दिवस वाईकडच्या लोकांना विसरता येत नाही. मांढरदेवीला काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली. डोंगरावरची अरुंद वाट, नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, वाटेच्या दोन्ही अंगांना दुकानं, त्यात आग आणि सिलिंडरचे स्फोट. तीनशेच्या आसपास माणसं गेली, त्यात बाया आणि लेकरं पुष्कळ. देवीचा कोप वगैरे काही नव्हता. वर जायची आणि खाली यायची वाट एकच होती आणि गर्दी पुढे ढकलत होती.

आणि आपल्या मावळातलं तर ताजं आहे. 27 नोव्हेंबर 2021 ला सकाळी, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर साते गावाजवळ, खालापूरकडून कार्तिकीला आळंदीला निघालेल्या दिंडीत पिकअप घुसली. महिला वारकऱ्यांचे जीव गेले, कितीतरी जखमी झाल्या. आषाढीच्या मोठ्या पालखीला पोलीस असतात, रस्ता बंद असतो. अशा छोट्या दिंडीला काय असतं? एक पताका आणि विठ्ठलाचं नाव. म्हणून लहान कार्यक्रमाला नियम कमी लागतात हा समज आधी काढून टाकावा लागेल. उलट तिथे सगळं आपल्यालाच बघावं लागतं.

या वर्षी गावच्या सप्ताहात पंगत वाढायचं आणि बायांच्या रांगेचं काम आमच्या गटाकडे आलं आहे. तेव्हा हैबतबाबांकडून काय घ्यायचं यावर आम्ही दोन बैठका घालवल्या. पहिल्या बैठकीत नुसता आरडाओरडा झाला, ते सोडा. ठरलं ते असं. रोज संध्याकाळी हरिपाठानंतर, आरतीच्या आधी, माइकवरून एकदा विचारायचं: कुणाचं काही हरवलंय का, कुणाला काही त्रास झालाय का. ज्या बाईला चारचौघांत बोलायचं नसेल तिच्यासाठी पाणपोईपाशी आमच्या दोघी हिरव्या साडीत बसणार. स्वयंसेवकांपैकी कुणाबद्दल तक्रार असली तरी तीही तिथेच ऐकायची, आणि त्या माणसाला त्या दिवशी कामावरून बाजूला बसवायचं, मग तो कुणाचाही भाऊ-दीर असो. यावर एका सखीने विचारलं, “माझाच दीर असला तर?” सगळ्या हसल्या, पण ठराव तसाच राहिला.

चुलाणं आणि सिलिंडर मंडपापासून लांब ठेवायचे. आत यायची आणि बाहेर जायची वाट वेगळी, आणि बाहेरच्या वाटेवर एकही दुकान नाही. काकड आरतीनंतरची फेरी रस्त्यावरून जाते, तेव्हा अंधार असतो. पुढे एकाच्या आणि मागे एकाच्या हातात लाल कापड आणि बॅटरी हवी.

एक गोष्ट मात्र चोपदाराच्या हातातली नाही. तंबूची जागा, हरवलेली पिशवी, पंगतीतलं भांडण, हे तळावर मिटवता येतं. बाईच्या अंगाला हात लावणं हा गुन्हा आहे, 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्याला कलम 74 आहे. अठरा वर्षांखालच्या मुलीची किंवा मुलाची गोष्ट असेल तर 2012 चा पोक्सो कायदा सांगतो की ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवलंच पाहिजे. ते देवळात बसून, दोन घरांना समोरासमोर आणून मिटवायचं नाही. पोलिसांचा नंबर 112, मुलांसाठी 1098, बायांच्या मदतीसाठी 181. हे तीन आकडे आम्ही मंडपाच्या खांबावर खडूने नाही, ऑइलपेंटने लिहिणार आहोत.

मंडळातल्या वडीलधाऱ्यांना हे सगळं सांगायला आम्ही गेलो, तेव्हा एक बुवा म्हणाले, “आरतीआधी तक्रारी विचारल्या तर उशीर होईल.” आम्ही त्यांना समाज आरतीची आठवण करून दिली. ते पंचवीस वर्षांचे वारकरी. थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “मग माइक आधी तुमच्याकडंच देतो.”