पंचाच्या निर्णयावर पेटलो, पोरींच्या तक्रारीवर गप्प बसलो

2 फेब्रुवारी 2025 ची रात्र आपल्या नगरकरांना आठवत असेल. वाडिया पार्कवर महाराष्ट्र केसरी. पंचाचा निर्णय पटला नाही म्हणून शिवराज राक्षेनं पंचाला लाथ मारली, महेंद्र गायकवाडही पंचांशी वाद घालून निघून गेला, आणि पृथ्वीराज मोहोळ केसरी झाला. दोन्ही पैलवानांवर तीन वर्षांची बंदी लगेच लागली. पुढचे आठ दिवस प्रत्येक चहाच्या टपरीवर एकच चर्चा. पाठ टेकली होती का नव्हती?

मला तेव्हा दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आठवत होती. जानेवारी 2023 मध्ये पुण्यात महाराष्ट्र केसरी झाली. अंतिम दिवशी, 14 जानेवारीला, भारतीय कुस्ती महासंघाचे अध्यक्ष बृजभूषण शरण सिंह पाहुणे म्हणून हजर होते. चारच दिवसांनी, 18 जानेवारीला, विनेश फोगाट, साक्षी मलिक आणि बजरंग पुनिया दिल्लीत जंतरमंतरवर बसले. आरोप होता महिला पैलवानांच्या लैंगिक छळाचा, आणि तो याच अध्यक्षांवर होता.

आता तारखा बघा. मेरी कोमच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. तीन महिने गेले. 21 एप्रिलला सात जणींनी पोलिसांत तक्रार दिली, त्यातली एक अल्पवयीन. गुन्हा नोंदवला गेला नाही. पोरी सुप्रीम कोर्टात गेल्या, तेव्हा कुठं 28 एप्रिलला दोन गुन्हे नोंदले गेले. 28 मे रोजी नव्या संसदेचं उद्घाटन सुरू असताना पोलिसांनी याच पैलवानांना रस्त्यावरून फरफटत नेलं. लाथ मारणाऱ्याचा निकाल लगेच लागतो, तक्रार करणारीला मात्र साधी नोंद करून घ्यायला सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागतं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. सिंह यांनी आरोप नाकारलेत. अल्पवयीन मुलीचं प्रकरण पोलिसांच्या अहवालावरून मे 2025 मध्ये कोर्टानं बंद केलं. बाकीच्यांपैकी पाच जणींच्या तक्रारींवर मे 2024 मध्ये आरोप निश्चित झाले, पण आरोप निश्चित होणं म्हणजे दोष सिद्ध होणं नव्हे. निकाल देणं हे कोर्टाचं काम. माझा मुद्दा त्याच्या आधीचा आहे : तिचं म्हणणं ऐकून घेतलं का?

हा प्रश्न आपल्या महाराष्ट्रातूनच देशासमोर गेलाय. 1972 साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात (आताचा गडचिरोली जिल्हा) एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची तक्रार झाली. आरोपी दोन पोलीस. हेच ते मथुरा प्रकरण. सेशन कोर्टानं सोडलं, नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली, 1978 मध्ये सुप्रीम कोर्टानं पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत, ओरडली नाही, म्हणजे तिची संमती होती, असा तो तर्क. उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चौघांनी 1979 मध्ये सरन्यायाधीशांना जाहीर पत्र लिहिलं. बायका रस्त्यावर उतरल्या. 1983 मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीतल्या अत्याचारात संबंध आला हे सिद्ध झालं आणि बाई म्हणाली संमती नव्हती, तर कोर्ट तसंच धरून चालेल. पीडितेचं नाव छापणं हाही गुन्हा ठरला. आम्ही पत्रकार आज नाव छापत नाही, ते त्या लढ्यामुळं.

कोपर्डीनंतर आपला जिल्हा पेटून उठला होता. नोव्हेंबर 2017 मध्ये आपल्याच सेशन कोर्टानं तिघांना फाशी सुनावली. तेव्हा कुणी विचारलं नाही की मुलगी खरं कशावरून. मग आरोपी मोठा असला, मेडल आणणारा किंवा मेडल वाटणारा असला, की तोच प्रश्न पहिला का येतो? आरोपी कोण, कुठल्या जातीचा, किती मोठा, यावर आपला विश्वास ठरत असेल तर तो न्याय नव्हे मित्रांनो.

यात मीही सुटत नाही. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका कबड्डी खेळणाऱ्या मुलीचे वडील माझ्याकडं आले होते. प्रशिक्षकाबद्दल सांगायचं होतं. "भाऊ, नाव नका टाकू, पोरीचं लग्न व्हायचंय." पुरावा नाही म्हणून मी वही मिटली. कुठं तक्रार करायची, हेसुद्धा त्यांना सांगितलं नाही. पोरगी परत मैदानावर दिसली नाही. तो प्रशिक्षक मात्र बरीच वर्षं दिसत राहिला.

म्हणून हे लिहून ठेवतो. 2013 च्या कायद्यात 'कामाची जागा' म्हणजे नुसतं ऑफिस नाही. क्रीडा संस्था, स्टेडियम, क्रीडा संकुल, सरावाची जागा, सगळं त्यात येतं. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं तक्रार समिती हवीच. कमी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. मुलगी अठराच्या आतली असेल तर थेट पोक्सो. कुस्ती महासंघातच अशी रीतसर समिती नव्हती, हे चौकशीत पुढं आलं.

तुमची पोर तालमीत, अकॅडमीत, मैदानावर जात असेल तर उद्या जाऊन एवढंच विचारा : "सर, तुमच्याकडं समिती आहे का? कुणाची नावं आहेत?" उत्तर मिळालं नाही तर मला कळवा. या वेळी मी वही मिटणार नाही.