जात्यावरच्या ओव्या: दळणासोबत जपलेली भक्ती आणि आठवण

जात्यावरची ओवी म्हणजे काय?
पहाटे दळण दळताना बायका जी गाणी म्हणत, त्यांना जात्यावरच्या ओव्या म्हणतात. एका हाताने खुंटा ओढायचा, दुसऱ्या हाताने जात्याच्या तोंडात मूठभर धान्य टाकायचे आणि त्याच लयीत ओवी म्हणायची. समोरासमोर दोघी बसल्या, तर एकीची ओवी दुसरी उचलत असे.

ही परंपरा किती जुनी आहे?
चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ (इ.स. ११२९) या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा उल्लेख आहे. म्हणजे काम आणि ओवी यांची सोबत किमान सुमारे नऊशे वर्षांची आहे.

ओवीतला देव कसा असतो?
दळणाची सुरुवात बहुधा देवाच्या नावाने होई. पण हा देव घरातला वाटतो. विठ्ठल जनाबाईला दळू लागतो. सीता वनवास भोगणारी सासुरवाशीण होते आणि गाणारी तिच्यात स्वतःला पाहते. यासाठी पोथी वाचता यावी लागत नाही, पुजारीही लागत नाही. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या दलित स्त्रियांनी याच चालीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि बुद्धावर ओव्या रचल्या.

न लिहिता ओव्या लक्षात कशा राहतात?
ओळी छोट्या, चाल ठरलेली आणि शेवटी यमक. त्यात हाताची लय मिसळते. म्हणूनच नुसते ‘ओवी म्हणा’ म्हटले की अनेक आजींना काही आठवत नाही, पण खुंटा हातात आला की एकामागून एक ओव्या सुचू लागतात. माहेर, भाऊ, लेक, सासुरवास, दुष्काळ असे सगळे त्यांत येते. जे चारचौघांत बोलता येत नसे, ते जात्यापाशी गाता येई.

आज काय स्थिती आहे?
गावोगावी पिठाच्या गिरण्या आल्या आणि बायकांचे मोठे कष्ट वाचले. मात्र त्यासोबत गाण्याची ती वेळही गेली. आता ओवी ऐकू येते ती मुख्यतः लग्नात, हळद दळताना.

पुण्यातील हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी १९८०च्या दशकापासून गावागावांत फिरून हे धन गोळा केले. त्यांच्या संग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर त्यांतील अनेक टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध झाल्या. तिथे अनेक ओव्या ऐकताही येतात.

घरात दळण दळलेली आजी असेल, तर तिच्या ओव्या मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवता येतात. सोबत तिचे नाव, गाव आणि ती ओवी तिने कुणाकडून ऐकली हेही नोंदवावे. बहुतेक ओव्या रचणारीच्या नावाशिवायच आपल्यापर्यंत आल्या आहेत. निदान गाणारीचे नाव तरी मागे राहील.