भाताचा करपा आणि गव्हाचा करपा: बुरशी एकच की वेगळी?

फेब्रुवारी 2016. बांगलादेशात गव्हाच्या ओंब्या दाणा भरण्याआधीच पांढऱ्या पडू लागल्या. लांबून पाहिलं तर गहू कापणीला आलाय असं वाटावं, पण ओंबी हातात घेतली की आत चिमलेले दाणे. सुमारे 15 हजार हेक्टरवरच्या पिकाला या रोगाचा फटका बसला. रोगाचं नाव व्हीट ब्लास्ट, म्हणजे गव्हावरचा करपा. 1985 मध्ये ब्राझीलमध्ये सापडलेला हा रोग आशियात तोवर कधी दिसला नव्हता.

मग तो आला कुठून?

गहू, भात, नाचणी ही सगळी गवताच्या कुळातली पिकं. भाताचा करपा कोकणातल्या शेतकऱ्यांना चांगलाच माहीत आहे, नाचणीवरही तो येतो. हे सगळं पायरिक्युलेरिया ओरायझी या बुरशीचं काम. बांगलादेशातल्या भातावर ती आधीपासून होतीच. त्यामुळे शक्यता दोन होत्या. एक तर भातावरची बुरशी गव्हावर गेली, किंवा नवी बुरशी बाहेरून आली. पहिली शक्यता खरी असेल, तर बियाण्याच्या आयातीवर लक्ष ठेवून काय उपयोग?

मायक्रोस्कोपखाली याचं उत्तर मिळत नाही. भातावरची काय किंवा गव्हावरची काय, दोन्हींचे बीजाणू सारखेच, नासपतीच्या आकाराचे.

डीएनएने काय सांगितलं?

तोफज्जल इस्लाम, सोफियन कामून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतातल्या रोगट पानांमधलं जनुकीय साहित्य थेट वाचलं आणि माहिती लगेच सर्वांसाठी खुली केली. डीएनए म्हणजे चार अक्षरांत लिहिलेला लांबलचक मजकूर. पिढ्यानपिढ्या त्याची नक्कल होताना चुका राहतात. दोन नमुन्यांत त्याच चुका त्याच जागी दिसल्या, तर त्यांचा पूर्वज जवळचा. बांगलादेशातली बुरशी तिथल्या भातावरच्या बुरशीशी जुळली नाही. ती जुळली दक्षिण अमेरिकेतल्या गव्हावरच्या बुरशीशी.

मग हिला वेगळी प्रजाती म्हणायचं का?

इथे शास्त्रज्ञांमध्येच वाद आहे. 2002 मध्ये ब्रेट काऊच आणि लिंडा कोन यांनी तीन जनुकांची तुलना करून भातावरची बुरशी आणि डिजिटेरिया गवतावरची बुरशी या दोन वेगळ्या प्रजाती ठरवल्या. ते बहुतेकांनी मान्य केलं. 2016 मध्ये गव्हावरच्या बुरशीलाही वेगळं नाव सुचवलं गेलं. पण पुढे संपूर्ण जीनोमची तुलना झाली, तेव्हा वेगवेगळ्या पिकांवरच्या वंशांमध्ये जनुकांची देवाणघेवाण झाल्याचं दिसलं. म्हणून अनेक संशोधक आजही ही एकच प्रजाती मानतात, फक्त वंश वेगळे. मला यात गंमत वाटते ती ही, की मोजकी जनुकं वाचली तर एक उत्तर येतं आणि सगळा डीएनए वाचला तर दुसरं.

शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र वंश कोणता हेच महत्त्वाचं. बांगलादेशातल्या साथीनंतर पश्चिम बंगालच्या नदिया आणि मुर्शिदाबाद जिल्ह्यांत काही काळ गहू पेरायलाच बंदी होती. भात लावायला नव्हती.

2018 मध्ये आफ्रिकेतल्या झांबियातही हा करपा सापडला. बुरशी तिथे बांगलादेशातून गेली का? 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जीनोमच्या अभ्यासानुसार नाही. दोन्हीकडचा वंश एकच, पण तो दक्षिण अमेरिकेतून दोनदा, स्वतंत्रपणे बाहेर पडला होता.