बिब्बा, जमालगोटा आणि त्वचा सोलण्याची विद्या : चौल-रेवदंड्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक परामर्श

प्रस्तावना

मुखावरील डाग, वांग आणि सुरकुत्या नाहीशा करण्यासाठी दाहक द्रव्याने त्वचेचा वरचा थर उतरवायचा आणि खालून नवी त्वचा येऊ द्यायची, या उपचारास आज 'केमिकल पील' असे संबोधले जाते. त्याचा इतिहास साधारणतः युरोपीय त्वचारोगशास्त्रापासून सांगितला जातो. फर्डिनांड फॉन हेब्रा यांनी व्हिएन्नात १९व्या शतकाच्या उत्तरार्धात केलेले प्रयोग आणि १८८२ मध्ये जर्मन वैद्य पॉल उन्ना यांनी सॅलिसिलिक आम्ल, रिसॉर्सिनॉल, फिनॉल इत्यादींचे केलेले वर्णन हे त्याचे सर्वमान्य टप्पे होत. याउलट, आपल्याकडे हे सर्व पूर्वीच ज्ञात होते असाही दावा वारंवार केला जातो. ही दोन्ही कथने अपुरी आहेत. द्रव्ये कोठून कोठे गेली आणि त्यांचा हेतू वाटेत कसा बदलला, हे पाहिल्याशिवाय हा इतिहास उलगडत नाही; आणि तो पाहण्यासाठी कोकण किनाऱ्यावरील चौल-रेवदंडा हे ठिकाण सोयीचे आहे.

निजामशाहीचे बंदर आणि गार्सिया द ऑर्ता

कुंडलिकेच्या मुखाशी वसलेल्या या बंदराचे दोन भाग होते. वरचे चौल अहमदनगरच्या निजामशाहीकडे होते, तर समुद्रालगतचे खालचे चौल, म्हणजे आजचे रेवदंडा, पोर्तुगीजांकडे. १५१६ मध्ये पोर्तुगीजांना येथे वखारीची परवानगी मिळाली आणि १५२१ मध्ये किल्ल्याचे काम सुरू झाले. १५७०-७१ चा निजामशाही वेढा या ठाण्याने सोसला. १७४० मध्ये ते मराठ्यांच्या हाती आले.

याच दोन सत्तांच्या संपर्काच्या काळात पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता १५३४ मध्ये गोव्यास आला. बुऱ्हाण निजामशाहाच्या दरबारी त्याने वैद्य म्हणून सेवा केली. तेथील हकीम आणि वैद्य यांच्याशी झालेल्या चर्चेतून मिळालेली माहिती १५६३ मध्ये गोव्यात छापल्या गेलेल्या त्याच्या औषधिविषयक संवादग्रंथात उतरली आहे. ग्रंथाच्या आरंभीच्या संवादांपैकी एक 'अनाकार्दो'विषयी आहे. अरबीत त्यास 'बलादुर' म्हणतात आणि येथील लोक 'बिबो' म्हणतात, असे तो नोंदवतो. मराठी वाचकास या शब्दाचा अर्थ सांगण्याची आवश्यकता नाही.

'बिब्बा उतणे' हा आपल्या भाषेतील रूढ शब्दप्रयोग. (माणसामाणसांत 'बिब्बा घालणे' हा त्याचा लाक्षणिक विस्तार, आणि तोही तितकाच दाहक.) बिब्ब्याचे तेल त्वचेस लागले की फोड येतात, कातडी सुटते आणि मागे बहुधा काळा डाग राहतो. धोबी कपड्यांवर खूण करीत ती याच तेलाने. आयुर्वेदात तो विटकरीच्या चुऱ्यात शोधन केल्यावरच औषधात घेतात. ऑर्ताच्या ग्रंथात काजूचा उल्लेख नाही. ब्राझीलमधून पोर्तुगीजांनी आणलेल्या या झाडाचे वर्णन क्रिस्तोवाल आकोस्ता याने १५७८ मध्ये केले. काजूच्या टरफलातील तेल बिब्ब्याच्या तेलाशी जवळचे नाते सांगते, कारण दोन्ही झाडे आंब्याच्या कुलातील होत. वेस्ट इंडीजमधील गोऱ्या स्त्रिया उन्हाने रापलेली त्वचा सोलून काढण्यासाठी हेच टरफलाचे तेल चेहऱ्यास लावीत. ज्या किनाऱ्यावर दोन्ही द्रव्ये हाताशी होती, तेथे मात्र असा प्रघात रुजल्याचे दिसत नाही. सावळ्या त्वचेवर दाहानंतर काळेपणाच येतो, हा अनुभव येथे पिढ्यान्‌पिढ्यांचा होता.

क्षारकर्म

याचा अर्थ त्वचा जाळण्याचे शास्त्र येथे नव्हते असा नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील ११वा अध्याय क्षारपाकाविषयी आहे. बाहेरून लावावयाच्या क्षाराच्या उपयोगांत कुष्ठ, दद्रू, अर्श यांच्याबरोबरच व्यंग, न्यच्छ आणि तिलकालक यांचीही गणना केली आहे. म्हणजे मुखावरील वांग हा क्षाराचा विषय होता. क्षाराचे मृदू, मध्य व तीक्ष्ण असे भेद आहेत. तो लावल्यावर शंभर मात्रा उच्चारण्याइतका वेळ थांबावे, जागा काळवंडली की योग्य दाह झाला असे समजावे आणि नंतर आम्ल द्रव्यांनी त्याचे शमन करावे, असा विधी आहे. वेळ मोजून दाह थांबविण्याची ही पद्धत आजच्या ग्लायकोलिक आम्लाच्या उपचारात दिसते. फरक इतकाच की तेथे आम्लाचे शमन अल्कलीने होते. तथापि या साम्यावरून थेट परंपरा सिद्ध होत नाही. क्षारकर्म अर्श-भगंदरासाठी टिकले, मुखासाठी नाही.

जमालगोट्याचा प्रवास

प्रत्यक्ष दुवा सापडतो तो वेगळ्याच ठिकाणी. जमालगोटा अर्थात जयपाल हे आपल्याकडे तीव्र रेचक म्हणून प्रसिद्ध. आकोस्ताच्या ग्रंथात त्याचेही वर्णन आहे. हिंदुस्थानात काम केलेल्या इंग्रज वैद्यांमुळे १९व्या शतकाच्या पूर्वार्धात त्याचे तेल युरोपीय औषधकोशात पुन्हा मानाने आले. हेब्रा यांनी ते त्वचेसाठी वापरले. विसाव्या शतकात हॉलिवूड परिसरातील वैद्यकीय पदवी नसलेल्या सौंदर्यव्यावसायिकांच्या गुप्त मिश्रणांत ते होते. मायामीचे शल्यविशारद बेकर आणि गॉर्डन यांनी १९६१ मध्ये जे मिश्रण प्रसिद्ध केले, त्यात ८८ टक्के फिनॉल ३ मिलिलिटर, पाणी २ मिलिलिटर, द्रवसाबणाचे ८ थेंब आणि जमालगोट्याच्या तेलाचे ३ थेंब होते. पुढे चार दशके सर्व श्रेय फिनॉलला मिळाले. ग्रेगरी हेटर यांनी २००० मध्ये दाखवून दिले की, दाहाची खोली प्रामुख्याने ठरते ती या तीन थेंबांवरून. मिश्रणातील निर्णायक घटकच दुय्यम गणला गेला होता. या तेलातील फॉर्बॉल संयुगे उंदरांच्या त्वचेवरील प्रयोगांत अर्बुदवाढीस चालना देतात, हेही येथे नमूद केले पाहिजे. शिवाय फिनॉल रक्तात शोषले गेल्यास हृदयाची लय बिघडू शकते.

गोऱ्या त्वचेसाठी सिद्ध झालेले हे तंत्र परत येथे आले, तेव्हा बिब्ब्याचाच जुना अनुभव शास्त्रीय भाषेत पुन्हा मांडावा लागला. २००८ मध्ये भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या कृतिदलाने या उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. गडद त्वचेत दाहोत्तर काळेपणाचा धोका अधिक असल्याने वरवरचे उपचार पसंत करावेत, पूर्वतयारी आणि उन्हापासून संरक्षण आवश्यक मानावे आणि खोल दाह टाळावा, असा त्यांचा रोख आहे. ग्लायकोलिक आम्लाच्या बाटल्या आता तालुक्याच्या गावीही विकत मिळतात. त्यांवरील टक्केवारी ग्राहक वाचतो. किती वेळाने धुवायचे, हे मात्र बहुधा तो वाचत नाही.