चाकावरची ऊब

गेल्या मार्गशीर्षात माझा पुतण्या पुण्याहून एक मोठी गाडी घेऊन कवठ्याला आला. गाडी मूळची प्रवासी वाहतुकीची, टेम्पो ट्रॅव्हलर. आतली बाके काढून त्याने तिथे पलंग, छोटा ओटा, पाण्याची टाकी आणि भिंतीतली कपाटे असा सगळा संसार मांडला होता. येत्या उन्हाळ्यात लडाखला जायचे आणि मुक्काम गाडीतच करायचा असा त्याचा बेत. "काका, वरच्या तळ्यांपाशी जूनमध्येही रात्री गोठायला होतं. म्हणून हीटर बसवायचाय," असे म्हणत त्याने एक पेटी बाहेर काढली. बुटांच्या खोक्यापेक्षा थोडी मोठी असेल. डिझेलवर चालणारी शेगडीच म्हणा ना!

पुण्यात हे काम करून मिळते, पण त्याला ते स्वतःच्या हाताने करायचे होते. मदतीला गावातला ट्रॅक्टर दुरुस्त करणारा मिस्त्री आला. हा माझाच जुना विद्यार्थी. मी अंगणात खुर्ची टाकून बसलो. निवृत्त मास्तराला दुसरे काम काय?

आधी गाडीच्या तळाला भोके पाडायची होती. पेटीच्या खालून तीन नळ्या निघतात. एक डिझेल आत आणणारी, एक हवा आत ओढणारी आणि एक धूर बाहेर टाकणारी. मिस्त्रीने ड्रिल हातात घेतले आणि थांबला. "गुरुजी, हवा तर गाडीत हायेच की. मग खालून येगळी कशापायी वढायची? एक भोक वाचंल."

प्रश्न चांगला होता. वर्गात विचारला असता तर मी त्याला शाबासकी दिली असती. उत्तर पुतण्याने दिले. या पेटीत दोन हवा खेळतात. पहिली गाडीखालून येते, डिझेलबरोबर जळते आणि धूर होऊन गाडीखालीच बाहेर पडते. दुसरी गाडीतली. पंखा तिला ओढतो, तापलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पात्यांवरून फिरवतो आणि गरम करून परत गाडीत सोडतो. मध्ये धातूची भिंत असते. उष्णता ती भिंत ओलांडते, हवा ओलांडत नाही. "जाळाची हवा वेगळी, माणसाची हवा वेगळी. ते भोक वाचवायचं नाही," पुतण्या म्हणाला.

मी त्याला तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावले. का, ते पुढे सांगतो. पण जन्मभर इतिहास शिकवला असल्यामुळे आधी मागे गेल्याशिवाय मला पुढे येता येत नाही, त्याला इलाज नाही.

थंडीत घराबाहेर राहणे आपल्या लोकांना नवे नाही. ऑक्टोबर १७६० च्या अखेरीस सदाशिवरावभाऊंची फौज पानिपतला येऊन बसली आणि १४ जानेवारी १७६१ रोजी लढाई झाली. मधले अडीच महिने ऐन हिवाळ्याचे. दक्षिणेतली माणसे उत्तरेच्या थंडीत राहुट्यांत पडून होती. रसद तुटलेली, वैरण आणि सरपणही मिळेना. फौजांना धान्य पुरवणारे वंजारी-लमाणांचे तांडे तर पिढ्यान्‌पिढ्या वाटेवरच राहिले. या सगळ्यांची ऊब म्हणजे शेकोटी आणि घोंगडी. पण शेकोटी उघड्यावर असे आणि राहुटीच्या कापडातून वारा खेळत असे. माणूस कुडकुडे, पण गुदमरत नसे. आपल्या जुन्या धाब्याच्या घरांतही उजेडासाठी आणि धुरासाठी छताला झरोका ठेवलेला असे.

खरी अडचण सुरू झाली ती चाकांवर बंद भिंती उभ्या राहिल्यावर. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या रोमा लोकांनी घोड्यांच्या गाड्यांवर लाकडी घरे बांधली. त्यात लोखंडी शेगडी असे आणि तिचे धुराडे छतातून बाहेर काढलेले असे. म्हणजे भटक्या माणसाला जाळ आणि माणूस यांची अडचण कळली होती. १८८५ साली गॉर्डन स्टेबल्स नावाच्या आरमारातून निवृत्त झालेल्या एका डॉक्टराने दोन घोड्यांची अशीच एक गाडी मुद्दाम बांधून घेतली आणि केवळ हौसेखातर इंग्लंडहून स्कॉटलंडपर्यंत प्रवास केला. तिचे नाव त्याने 'वाँडरर', म्हणजे भटकी, असे ठेवले होते. गरजेने भटकणाऱ्यांचे घर हौसेने भटकणाऱ्यांकडे गेले ते असे.

पुढे मोटार आली. मोटारीत ऊब फुकट मिळते, कारण इंजिन तापतेच. पण गाडी थांबली, इंजिन बंद केले, की थोड्याच वेळात पत्रा बर्फासारखा होतो. रात्रभर इंजिन चालू ठेवावे तर डिझेल जळते आणि धुराचीही भीती. यावर जर्मनीत उपाय निघाला, तो म्हणजे गाडीच्याच टाकीतले थोडे इंधन घेऊन जळणारी वेगळी छोटी भट्टी. या धंद्यातली दोन मोठी नावे एबरस्पेशर आणि वेबास्टो. पहिली कंपनी १८६५ साली एका पत्र्याच्या कारागिराने काढली, दुसरी १९०१ साली निघाली, आणि दोन्ही एस्लिंगेन या एकाच गावातल्या. एका गावात एक धंदा रुजला की कसा पसरतो, हे आम्हा कवठेकरांना सांगायला नको.

कारण आमच्या भागातही एक धंदा असाच रुजला, तमाशाचा. नारायणगाव ही तमाशाची पंढरी. आमच्या कवठे येमाईतूनही कलावंत निघाले. गण-गवळण, लावण्या आणि वग लिहिणारे बी. के. मोमीन कवठेकर (१९४७-२०२१) आमच्याच गावचे. त्यांना २०१८ सालचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार मिळाला. फड दसऱ्याला बाहेर पडतो तो वैशाखापर्यंत गावोगाव फिरतो. पूर्वी बैलगाड्या होत्या, मग ट्रक आले. ट्रकमध्ये पेट्या, कनाती, वाद्ये, आणि त्यांच्यावर माणसे. ट्रक हेच आठ महिन्यांचे घर. लडाखला जाणाऱ्या माझ्या पुतण्याच्या गाडीला आज कॅम्पर म्हणतात. आमच्याकडे ती कधीपासून होती, फक्त तिला कुणी नाव दिले नव्हते.

आता ते सांगतो.

१९७४ चा जानेवारी. मी नुकताच शिक्षक झालो होतो. एक फड आमच्या घराजवळच्या पटांगणात उतरला होता. रात्री थंडी अशी, की पाण्याच्या हंड्याला हात लावता येईना. खेळ रंगात आलेला, बाया-बापे सगळे कनातीत, आणि फडातली तीन लहान पोरे ट्रकमध्ये कुडकुडत झोपलेली. माझ्या आईला राहवले नाही. तिने आमची शेगडी पेटवली. मी ती वाऱ्यावर धरून निखारे चांगले लाल होऊ दिले. धूर पूर्ण थांबला, मग उचलून ट्रकमध्ये नेऊन ठेवली. पोरांना वारा लागू नये म्हणून मागची ताडपत्री खाली ओढली आणि तिची दोरीही बांधली. निघताना मला फार बरे वाटले होते.

पहाटे एक कलावंतीण आपले काम आटोपून पोरांना बघायला गेली. तिची किंकाळी आम्हाला घरात ऐकू आली. दोन पोरे ओकत होती, डोके धरून रडत होती. तिसरी, सहा-सात वर्षांची मुलगी, हलवली तरी उठेना. तिला उघड्यावर आणून निजवले. बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडले. तिघेही वाचले, हे आधीच सांगून टाकतो.

पण झाले काय होते? सगळ्यांनी एकमताने ठरवले, की अन्नातून विषबाधा. रात्रीचे कालवण शिळे होते, असे कुणीतरी म्हणाले. फडाचा स्वयंपाक करणारी एक म्हातारी होती. तिला सगळ्यांदेखत शिव्या बसल्या. ती पुन्हापुन्हा सांगत होती, "त्योच घास म्या खाल्ला, समद्यांनी खाल्ला." तिचे कुणी ऐकले नाही. उजाडल्यावर ट्रक निघाला तो तिला मागे ठेवून. आईने तिला चहा आणि भाकरी दिली, हातावर एसटीचे पैसे ठेवले. मी शेगडीतली राख उकिरड्यावर टाकून आलो. मला कसलीही शंका आली नाही.

पाच-सहा वर्षांनी विज्ञानाचे शिक्षक रजेवर होते म्हणून मी त्यांच्या तासावर गेलो. वेळ काढायला पाठ्यपुस्तक उघडले, आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड हा शब्द समोर आला. रंग नाही, वास नाही. कोळसा अपुऱ्या हवेत जळला की तो तयार होतो. मुलांना धडा वाचायला सांगून मी खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो.

त्यानंतर मी मिळेल ते वाचले. फ्रान्समधल्या क्लॉद बर्नार्डने १८५० च्या दशकातच दाखवून दिले होते, की हा वायू रक्तातली प्राणवायूची जागा बळकावतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा याची ओढ दोनशे पटींहून अधिक. १८९० च्या दशकात हॉल्डेन या शास्त्रज्ञाने खाणींत याची चाहूल लागावी म्हणून लहान पक्षी नेण्याचा उपाय सुचवला. माणसाच्या आधी पाखरू कोलमडते. म्हणजे आईने शेगडी पेटवली तेव्हा ही गोष्ट जगाला शंभराहून अधिक वर्षे माहीत होती. बी.ए. झालेल्या मास्तराला ती माहीत नव्हती.

आपल्याकडचा समज असा, की धूर थांबला, निखारा लाल झाला, की शेगडी आत आणायला हरकत नाही. धूर म्हणजे धोका, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात धूर निदान डोळ्यांना झोंबतो, माणसाला बाहेर पळवतो. लाल निखारा काहीच सांगत नाही.

आणि मी? कळल्यावरही मी गप्प राहिलो. तो फड नंतर एकदा आमच्या भागात आला होता. मी कनातीच्या मागे जाऊन सांगू शकलो असतो, की त्या बाईचा दोष नव्हता, शेगडी आमची होती, दोरी मी बांधली. गेलो नाही. आता त्याचा काय उपयोग, असे स्वतःला समजावले. खरे कारण लाज, दुसरे काही नाही. आईलाही शेवटपर्यंत सांगितले नाही. ती म्हातारी पुढे कुठे गेली, तिला कुणी कामावर ठेवले का, मी चौकशीसुद्धा केली नाही. वर्गात मात्र तीस-पस्तीस वर्षे मुलांना सांगत होतो, की इतिहास म्हणजे खरे काय घडले त्याचा शोध.

असो. अंगणातले काम संध्याकाळी संपले. डिझेलचा छोटा पंप थोडा तिरपा, तोंड वर करून, रबरावर बसवला. धुराची नळी दरवाजा-खिडक्यांपासून दूर गाडीच्या कडेला काढली, तिला उष्णता अडवणारी पट्टी गुंडाळली आणि हवा ओढणाऱ्या नळीचे तोंड तिच्यापासून लांब, दुसऱ्या दिशेला केले. पुतण्याने बटण दाबले. डिझेल ठिणगीने सहज पेटत नाही, म्हणून आधी एक कांडी बॅटरीवर लाल होते. मग पंप टक्‌-टक्‌ करत थेंबथेंब डिझेल सोडू लागला. पाच मिनिटांत गाडीत गरम हवा आली. मध्यम आचेवर तासाला पाव लिटरहूनही कमी डिझेल लागते म्हणे. बंद करताना बॅटरी एकदम तोडायची नाही, पंखा पेटीला निववतो तोवर थांबायचे. लेह साधारण साडेतीन हजार मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या दोन तृतीयांशच भरतो. मग डिझेल तेवढेच राहिले तर हवा पुरत नाही आणि आत काजळी धरते. म्हणून तिथे डिझेलही कमी सोडावे लागते. शेवटी पुतण्याने पलंगाच्या उशाशी एक पांढरी डबी बसवली. हा वायू जमला की ती ओरडते. हॉल्डेनचे पाखरूच ते!

त्या डबीकडे बघत मी त्या दोघांना १९७४ ची गोष्ट सांगितली. पन्नास वर्षांत पहिल्यांदाच. पुतण्या काही बोलला नाही. मिस्त्री हातातला पाना पुसत उभा होता. थोड्या वेळाने म्हणाला, "गुरुजी, थोरली बाळंतपणाला आलीया. बाळ-बाळंतिणीला शेक म्हणून खोलीत शेगडी असती रातभर. दारं-खिडक्या लावून."

मी काही म्हणायच्या आत त्याने खिशातून फोन काढला, घरी लावला आणि अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन मोठमोठ्याने सांगू लागला, "शेगडी भाईर काढ. आत्ता काढ. का ते मंग सांगतो. आन्‌ खिडकी उघड आधी."