तीन तिघाड्याची कुळकथा

मंगरूळ नावाची गावं वऱ्हाडात एकापेक्षा जास्त आहेत. अमरावती जिल्ह्यातलं मंगरूळ दस्तगीर वेगळं, वाशीम जिल्ह्यातलं मंगरूळपीर वेगळं. हयात कलंदरांच्या दर्ग्यामुळे या मंगरुळाला ‘पीर’ चिकटला आणि पत्ता चुकायचा थांबला. नावामागची गोष्ट ठाऊक असली की नाव घोकावं लागत नाही, आणि नियमांचंही तसंच आहे. पोहणं, सायकल आणि धावणं या तीन शर्यती मध्ये विसावा न घेता ओळीने पार करायच्या, अशा ट्रायथलॉन नावाच्या खेळात पहिल्यांदा नाव घालणाऱ्याच्या हातात आयोजक नियमांचं पत्रक ठेवतात: हेल्मेटचा पट्टा कधी लावायचा, पाणी कुणाकडून घ्यायचं, पुढच्या सायकलीपासून किती लांब राहायचं. नवखा माणूस ते परीक्षेच्या आदल्या रात्रीसारखं पाठ करतो आणि पाण्यात उतरल्याबरोबर विसरतो. माझं म्हणणं असं की, या खेळात उतरण्याआधी सगळ्यात उपयोगाची तयारी म्हणजे त्याची कुळकथा समजून घेणं. त्यातला जवळजवळ प्रत्येक नियम एखाद्या अडचणीतून, फजितीतून किंवा वादातून जन्मलेला आहे. ती अडचण डोळ्यांसमोर असली की नियम आपोआप पाळला जातो. शिवाय ही कुळकथा आणखी एक गोष्ट सांगते, जी जाहिरातींच्या भपक्यात हरवली आहे: हा खेळ जन्माने तालुक्याच्या मापाचा आहे.

पहिली ट्रायथलॉन झाली ती 25 सप्टेंबर 1974 रोजी, अमेरिकेतल्या सॅन दिएगो शहरात, मिशन बे नावाच्या खाडीकाठी. वार बुधवार, वेळ संध्याकाळची, कारण लोकांना कामावरून सुटून यायचं होतं. आयोजक म्हणजे तिथला धावपटूंचा क्लब, आणि कल्पना जॅक जॉन्स्टन व डॉन शॅनहॅन या दोन सभासदांची. एकाला धावणं आणि पोहणं जोडायचं होतं, दुसऱ्याच्या मनात सायकल होती. ट्रॅकवरच्या रटाळ सरावाला कंटाळलेल्या मंडळींचा हा विरंगुळा होता. सायकल आपापली आणावी, काही भाग अनवाणी धावावा लागेल, अशा सूचना पत्रकात होत्या. 46 जण आले. शर्यतीच्या सायकली फार थोड्यांकडे असाव्यात. किनाऱ्यावर फिरायच्या जड सायकली आणि तीन गिअरच्या साध्या सायकलीही त्यात होत्या. फ्रान्समध्ये 1920 च्या दशकात ‘तीन खेळ’ अशा नावाने याच तिघांच्या शर्यती होत असत. पण त्यांचा धागा पुढे तुटला. सॅन दिएगोच्या मंडळींनी त्यांच्यावरून काही उचलल्याचं दिसत नाही. विहीर दोनदा खणली गेली, पाणी एकदाच टिकलं.

शब्दाचीही गंमत आहे. ग्रीक ‘त्रि’ म्हणजे आपल्या संस्कृत ‘त्रि’चं सख्खं भावंड, आणि ‘आथ्लॉन’ म्हणजे झुंज जिंकून मिळणारं बक्षीस. प्राचीन ऑलिंपिकमध्ये पाच खेळांचा पेंटाथ्लॉन होताच. त्याच वळणावर हा शब्द घडवला गेला. बक्षिसांवर नाव कोरणाऱ्या कारागिराने जॉन्स्टनला फोन करून ‘याचं स्पेलिंग काय?’ असं विचारलं, कारण त्याला तो शब्द कोशात सापडेना. जॉन्स्टनने मग स्वतःच ठरवून सांगितलं. मराठीत ‘तीन तिघाडा, काम बिघाडा’ म्हणतात. त्या संध्याकाळी ते अगदीच खोटं ठरलं नाही. आज पोहणं पहिलं असतं. तेव्हा धावणं पहिलं होतं, मग सायकल, आणि पोहणं शेवटी, तेही अनवाणी धावण्याच्या तुकड्यांमध्ये विभागलेलं. मागे पडलेले स्पर्धक पाण्यात असतानाच अंधार पडला आणि काठावर मोटारी उभ्या करून त्यांच्या दिव्यांचा उजेड खाडीवर टाकावा लागला.

हे दृश्य नीट लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण ‘पोहणं आधी का?’ याचं उत्तर त्यातच आहे. दमलेला धावपटू रस्त्याच्या कडेला बसतो, दमलेला सायकलस्वार पाय टेकतो. दमलेल्या पोहणाऱ्याला टेकायला काही नसतं. शरीर ताजं असताना आणि उजेड असताना पाणी उरकून घ्यायचं, हा क्रम पुढे जगभर पक्का झाला. तरीही धोका संपलेला नाही. अमेरिकेतल्या ट्रायथलॉनमधल्या 1985 ते 2016 या काळातल्या मृत्यूंचा आणि हृदय बंद पडण्याच्या घटनांचा एक अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. एकूण 135 घटनांपैकी 90 पोहताना घडल्या होत्या, म्हणजे दर तीनांत दोन. ज्यांचा पूर्वानुभव नोंदलेला होता, त्यांत साधारण चाळीस टक्क्यांची ती पहिलीच ट्रायथलॉन होती, आणि बहुतेक जण मध्यमवयीन पुरुष होते. लाखामागे दोनाहून कमी असं हे प्रमाण आहे, तेव्हा घाबरून नाव मागे घ्यायचं कारण नाही. पण चाळिशी ओलांडलेल्या नवख्याने नवी सायकल घेण्याआधी हृदयाची तपासणी करून घ्यावी, एवढं हे आकडे स्पष्ट सांगतात.

इथे वऱ्हाडातल्या पोहणाऱ्याबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या पोहणं शिकवलं विहिरीने. पाठीला वाळलेला भोपळा किंवा रिकामा डबा बांधून पोराला पाण्यात सोडायचं, चार दिवसांनी डबा काढायचा. विहिरीत शिकलेल्याला खोलीची भीती नसते, सूर मारता येतो, दम धरता येतो. ही शिदोरी लहान नाही. पण विहिरीला लांबी नसते. दहा-वीस हात मारले की दगडी पायरी हाताला लागते. धरणाच्या किंवा तलावाच्या पाण्यात छोट्या ट्रायथलॉनचे 750 मीटर सलग जायचं तर तीन गोष्टी वेगळ्या लागतात: श्वासाची एकसारखी लय, मान वर काढून दिशा पाहण्याची सवय, आणि शेजाऱ्याचा हात तोंडावर बसला तरी न बावरणं. काठावरून सरळ दिसणारी रेषा पाण्यातून सरळ राहत नाही. नवखा वाकडातिकडा जाऊन शंभर-दीडशे मीटर जास्त पोहू शकतो. शिवाय आपल्या धरणांचा तळ म्हणजे गाळ, बुडालेल्या बाभळी आणि कोळ्यांची जाळी. विहिरीच्या आत्मविश्वासावर धरणात उतरणं, ही या भागातल्या नवख्याची सर्वांत संभवनीय चूक ठरेल. ज्यांना अशा उघड्या पाण्याचा सराव हवा असेल त्यांच्यासाठी मालवणच्या चिवला किनाऱ्यावरची सागरी जलतरण स्पर्धा आहे. लहान मुलांपासून ज्येष्ठांपर्यंत वयाप्रमाणे अंतर ठरवलेलं असतं, आणि नुसतं पोहणंच असल्याने पुढच्या दोन शर्यतींची धाकधूक नसते.

1974 च्या त्या 46 जणांत जॉन कॉलिन्स नावाचा नौदलातला अधिकारी आणि त्याची पत्नी ज्युडी होती. पुढे हे कुटुंब हवाई बेटांवर गेलं. तिथे पोहणारे, धावणारे आणि सायकलवाले यांच्यात खरा दमदार कोण, असा वाद रंगला असताना कॉलिन्सने तोडगा सुचवला: ओआहू बेटावर आधीपासून होणाऱ्या तीन स्पर्धा एकत्र करा. वायकिकीचं 2.4 मैलांचं पोहणं, बेटाला सायकलने फेरी, आणि होनोलुलू मॅरेथॉन. सायकलची फेरी 115 मैलांची होती. ती तीन मैलांनी कमी केली, का, तर पोहणं संपतं तिथून निघून मॅरेथॉन सुरू होते तिथे पोचायचं म्हणून. ‘आयर्नमॅन’ नावाच्या या शर्यतीत 18 फेब्रुवारी 1978 रोजी 15 जण निघाले, 12 पोचले, आणि गॉर्डन हॅलर पावणेबारा तासांच्या आसपास वेळ घेऊन पहिला आला. आज लोक 3.8 किलोमीटर पोहणं, 180 किलोमीटर सायकल आणि 42.2 किलोमीटर धावणं हे आकडे एखाद्या मंत्रासारखे उच्चारतात. पण त्यामागे शरीरशास्त्र नाही, एका बेटाच्या रस्त्यांची सोय आहे. गोव्यात 20 ऑक्टोबर 2019 रोजी भारतातली पहिली ‘आयर्नमॅन 70.3’ झाली, त्यातला 70.3 हा आकडा म्हणजे निम्म्या अंतरांची मैलांतली बेरीज. ऑलिंपिकचं अंतर (1.5, 40 आणि 10 किलोमीटर) हेसुद्धा तिन्ही खेळांत आधीच रुळलेल्या अंतरांवरून घेतलेलं, 2000 साली सिडनीत तो ऑलिंपिकचा खेळ झाला. अंतरं स्थानिक सोयीतून आली असतील, तर मंगरूळपीरहून वाशीम साधारण चाळीस किलोमीटर आहे, हा योगायोगही बेटाच्या फेरीइतकाच मानाचा धरायला हरकत नाही.

पाण्याच्या नियमाची गोष्ट मात्र खरी फजितीची आहे. 1978 मध्ये प्रत्येकाने आपला मदतनीस सोबत आणायचा होता. पुढे असलेल्या जॉन डनबारच्या मदतनीसांकडचं पाणी मॅरेथॉनमध्ये संपलं आणि त्यांनी त्याला बिअर पाजली. तो झोकांड्या खात दुसरा आला. आता पाण्याची ठिकाणं आयोजक ठरवतात आणि बाहेरच्या कुणाकडून काही घेतलं तर दंड होतो. आपल्याकडे हा नियम पाळणं जड जाईल, कारण रस्त्याने जाणाऱ्याला पाणी देणं आपण पुण्य समजतो. दिंडीत ते पुण्यच आहे. शर्यतीत मात्र ज्याचे सोयरे वाटेत राहतात त्याला फायदा आणि परगावच्याला तोटा, असा त्याचा अर्थ होतो. आणि नुसतं पाणी ढोसत राहणंही घातक: घामातून मीठ जातं, वर पाण्याने उरलेलं पातळ होतं आणि माणूस गरगरून पडतो. लिंबू, मीठ, साखर हे घरचं औषध इथे शास्त्रालाही मान्य आहे.

सायकलच्या नियमांचं मूळ कॉलिन्सच्या वादातच आहे. खरा दमदार कोण, हे ठरवायचं तर कुणी कुणाच्या आडोशाने जाऊ नये. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागे सायकल लावणाऱ्या पोराला हवेचं हे शास्त्र कुणी शिकवावं लागत नाही. पुढच्याने वारा कापला की मागच्याचे कष्ट वाचतात. म्हणून हौशी स्पर्धांत पुढच्या सायकलीपासून ठराविक अंतर ठेवावं लागतं, आयर्नमॅनमध्ये ते 12 मीटर आहे. अव्वल खेळाडूंना मात्र आंतरराष्ट्रीय संघटनेने 1995 पासून चाकामागे चाक लावायला मुभा दिली, तेव्हा टीव्हीवर पाहिलेलं आपल्या स्पर्धेत चालेलच असं नाही. हेल्मेटचा पट्टा सायकल हाती घेण्याआधी लावायचा आणि सायकल ठेवल्यावरच काढायचा, कारण घाईत राहून जाणारी पहिली गोष्ट तीच. धावण्याबद्दल थोडक्यात पुरे. पोलीस भरतीसाठी 1600 मीटरचा सराव करणारी मुलं तालुक्याच्या प्रत्येक रस्त्यावर पहाटे दिसतात. त्यांना धावणं शिकवायला नको. फक्त सायकलवरून उतरल्यावर पहिला एक किलोमीटर पाय लाकडाचे वाटतात, हे त्यांनी आधी एकदा करून पाहिलेलं असावं.

या सगळ्यावर एक आक्षेप येईल: उगम शोधून काय उपयोग, आजचा खेळ पैसेवाल्यांचा झाला आहे. लाखांच्या सायकली आणि हजारोंची प्रवेश फी खरीच आहे. पण ते खेळाचं लक्षण नाही, त्याच्या एका फांदीचं आहे. कोल्हापूरच्या राजाराम तलावात पोहण्यापासून सुरू होणाऱ्या ‘बर्गमन’सारख्या स्पर्धांनी दाखवलं की जिल्ह्याच्या गावातही हे उभं राहतं. पोहण्याच्या रबरी पोशाखाचा खर्चही आपल्याला बहुधा लागू नाही: छोट्या अंतरांत पाणी 22 अंशांपेक्षा गरम असेल तर हौशी स्पर्धकांना तो घालायला आंतरराष्ट्रीय नियमांनीच मनाई आहे, कारण अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. दुसरा आक्षेप भावनेचा आहे. फेब्रुवारी 1982 मध्ये ज्युली मॉस ही तरुणी हवाईच्या याच शर्यतीत महिलांमध्ये आघाडीवर असताना शेवटच्या टप्प्यात कोसळली, मागून आलेली पुढे निघून गेली, आणि मॉस रांगत रांगत दुसरी पोचली. दूरचित्रवाणीवर ते पाहून हजारो लोक या खेळाकडे वळले. ‘असं मरणाचं झुंजलं नाही तर खेळ कसला?’ असं मग विचारलं जातं. पण त्या प्रसंगाने खेळाला प्रसिद्धी दिली, जन्म दिला नाही. जन्म झाला तो कामावरून सुटून आलेल्या 46 जणांच्या संध्याकाळी. नवख्याने मॉसला आदर्श मानून 180 किलोमीटरचं स्वप्न बघण्यापेक्षा 750 मीटर, 20 आणि 5 किलोमीटरची स्पर्धा धरावी.

तिसरा आक्षेप खरोखर वजनाचा आहे, तो पाण्याचा. मंगरूळपीरला मोतसावंगा धरण आहे, पण त्यातूनच शहराच्या नळाला पाणी येतं. अशा पाण्यात दोनशे माणसं उतरवायची का, हा प्रश्न आयोजकाने पाटबंधारे विभाग आणि नगर परिषदेपुढे आधी मांडला पाहिजे, आणि उत्तर ‘नाही’ असेल तर दुसरा तलाव शोधला पाहिजे. काळही नेमका निवडावा लागतो. मे महिन्यात तलाव तळाला आणि पारा चाळिशीपार. पावसाळ्यात पाणी गढूळ आणि ओढे अंगावर येणारे. नोव्हेंबर ते जानेवारी एवढीच फट उरते, आणि तेव्हा कापसाच्या गाड्या रस्त्यावर असतात. तेव्हा स्पर्धकाने नाव घालण्याआधी आयोजकाला विचारायचे प्रश्न फीचे नसून हे आहेत: परवानगी कुणाची, बचाव पथकाच्या होड्या किती, रस्ता किती वेळ बंद, रुग्णवाहिका पाण्याजवळ की मैदानाजवळ. आणि आदल्या दिवशी सकाळी, शर्यत सुटायच्या वेळी, काठावर उभं राहून सूर्य कोणत्या बाजूने येतो ते बघून ठेवायचं. वळणाचा तरंगता पिंप त्याच दिशेला असेल तर पाण्यातून तो दिसत नाही, आणि मग त्यामागचं ताडाचं झाड, देवळाचा कळस किंवा मोबाइलचा टॉवर, जे उंच दिसेल ते धरून पोहायचं.