माळवदाचे छप्पर : रचना, देखभाल आणि भार

पॅरिसमधील नोत्र दाम कॅथेड्रलला 15 एप्रिल 2019 रोजी आग लागली, तेव्हा त्याचे शिशाचे छप्पर नष्ट झाले. डिसेंबर 2024 मध्ये कॅथेड्रल पुन्हा खुले झाले. नवे छप्परही शिशाचेच आहे. युरोपातील अनेक जुन्या ख्रिस्तमंदिरांना जसे शिसे, तसे छत्रपती संभाजीनगर व मराठवाड्यातील जुन्या घरांना माळवद. त्याची थोडक्यात माहिती आम्ही येथे देत आहोत.

माळवद म्हणजे मातीचे सपाट छप्पर. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडे, त्यांवर फळ्या किंवा तुराट्या, त्यावर कडुनिंबाचा पाला, मग चिखलाचा थर आणि सर्वांत वर पांढरी माती, अशी त्याची रचना असते. ही माती ओली झाली की घट्ट बसते व पाणी सहसा झिरपू देत नाही. पाणी वाहून जाण्यासाठी किंचित उतार व पन्हाळी ठेवतात. उजेड साण्यातून येतो. जाड थरामुळे वैशाखातही घर थंड राहते.

मृगापूर्वी माळवदावरील गवत मुळासकट काढून, भेगा बुजवून नवी पांढरी माती पसरण्याची रीत आहे. धोका येथेच आहे. जुनी माती न काढता दरवर्षी नवी टाकल्यास थर वाढत जातो. शिसे जड म्हणून प्रसिद्ध. पण त्याचा पाच मिलिमीटर जाडीचा पत्रा एका चौरस मीटरला सुमारे 57 किलो भरतो. दोन फूट मातीचे वजन तेवढ्याच जागेवर सुमारे एक टन होते, भिजल्यावर त्याहून अधिक.

30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे दगावली. मातीत रचलेल्या दगडी भिंती कोसळल्या आणि त्यांवरील जड माळवदांखाली झोपलेली कुटुंबे गाडली गेली.

म्हणून ज्यांच्या घरावर माळवद आहे, त्यांना आमची विनंती आहे :

- थराची जाडी मोजावी. एक वीतभर पुरेशी समजावी.
- जास्तीची माती उतरविताना तुळयांना खालून टेकू द्यावा व सर्व बाजूंनी सारखी माती काढावी.
- भिंतीत शिरलेली तुळयांची टोके वाळवी व ओल यांसाठी तपासावीत.
- भिंतींना तडे असल्यास आधी अभियंत्याचा सल्ला घ्यावा.

माळवद जपावे, मात्र नवी माती टाकण्यापूर्वी जुनी उतरवावी.